248 पानांच्या संपादनाचे गेलेले 18,880 रुपये

लिहायची लाज वाटतेय, पण गप्प बसलो तर उद्या दुसरा कुणीतरी तिथंच पैसे भरेल. कोल्हापूरच्या तालमी आणि गुऱ्हाळांवरच्या पुस्तकाचं हस्तलिखित ‘अनुभवी संपादक ओळ न् ओळ हातानं तपासतील’ असं सांगून एका संपादन सेवेनं घेतलं, चॅटबॉटमधून काढलं आणि परत दिलं. हिशेब असा: 248 पानं, पानाला 60 रुपये, म्हणजे 14,880. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, काढून द्यायचे 2,500. ‘मजकुरात एआयचा वापर नाही’ या प्रमाणपत्राचे 1,500. एकूण 18,880.

आयएसबीएन आपल्याकडं फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी कुणालाही एक पैसा देऊ नका.

आंधळेपणानं पैसे दिले असं कुणी म्हणू नये. आधी नमुना मागितला होता. पाच पानं आली ती खरोखर माणसानं तपासलेली होती. समासात शंका काढलेल्या, ‘इथं’, ‘लई’, ‘न्हाई’ बोलीतलं म्हणून तसंच ठेवलेलं. त्या पाच पानांवर कुणीतरी बसलं होतं, उरलेल्या 243 वर कुणीही नाही. नमुन्याची पानं त्यांना निवडू देऊ नका. मधल्या प्रकरणातली, बोलीभाषेनं भरलेली पानं तुम्ही काढून द्या.

कळायला हवं होतं ते दुसऱ्या प्रकरणात. तोवर 5,000 आगाऊ गेले होते. प्रकरण परत आलं त्यात ‘वस्ताद’चा ‘प्रशिक्षक’ झाला होता, ‘तालमीत’च्या जागी ‘प्रशिक्षण केंद्रात’ आलं होतं, आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरलेला पैलवान ‘पाण्याच्या टाकीत’ उतरला होता. पाण्याच्या टाकीत! कोल्हापुरात चार दिवस राहिलेल्या माणसाच्या हातूनही असं होणार नाही. मी विचारलं. उत्तर आलं, ‘ऑपरेटरची चूक आहे, अंतिम प्रतीत दुरुस्त होईल.’ आणि त्याच संध्याकाळी मी संपादनाचे उरलेले 9,880 पाठवले. ती फाईल वर्डमध्ये उघडून नुसती माहिती पाहिली असती तर ‘एकूण संपादन वेळ’ दिसली असती: 31 पानांना 6 मिनिटं. ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दाखवणारी वर्डची सोय, बंदच होती. बदल न दाखवणारी फाईल आली की पुढचा हप्ता थांबवायचा, हे मला माहीत होतं. माहीत असून पाठवले, याचाच संताप जास्त आहे.

अंतिम प्रत आल्यावर शब्द मोजले. दिले होते 62,140, परत आले 50,870. 11,270 शब्द गायब. लांब प्रकरण एकदम चॅटबॉटमध्ये टाकून ‘सुधारून दे’ म्हटलं की असं होतं. सुरुवातीची पानं जवळपास जशीच्या तशी येतात, पुढं परिच्छेदांचा सारांश होत जातो. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक कधी उतरवायचा ते कसं ओळखलं, ही माझी दोन पानं चार ओळींत उरकली होती. राखीव जागांचा शाहू महाराजांचा 1902 चा हुकूम 1920 सालावर गेला होता. माणगाव परिषदेच्या सालाशी गल्लत झालेली, आणि वाक्य इतकं गुळगुळीत की वाचताना अडखळायलाच होत नाही. शिवाय माझी मूळ फाईल जुन्या डीटीपी फॉन्टमधली. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलताना ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला, म्हणून ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’. हे शब्दही शुद्धच असल्यानं स्पेलचेक त्यांना पकडत नाही. फॉन्ट बदलल्यावर ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक जागा डोळ्यांनी पाहावीच लागते.

प्रमाणपत्राबद्दल एवढंच: ओपनएआयनं स्वतःचं एआय ओळखायचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. मग मराठी मजकुरावर असला शिक्का कोण कशाच्या जोरावर मारतो?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पुढं पोलीस ठाण्यात ऐकलं, ‘पैसे तुम्हीच पाठवले, फाईल तुम्हाला मिळाली, मग फसवणूक कुठली? हा दिवाणी मामला.’ कबूल केलेलं काम न करता केल्याचं भासवून पैसे घेतले तर त्याला काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी छापून नेलं होतं, ते बाजूला ठेवलं गेलं. दोन टेबलं फिरलो. एकानं विचारलं, ‘चॅटबॉटनं केलं तर चुका कमीच व्हायला पाहिजेत ना?’ बँकेनं सांगितलं, व्यवहार तुमच्याच पिननं झालाय. तीन खेपा, तीन अर्ज, आणि ‘हातानं तपासून’ हे शब्द ज्या संदेशात आहेत तो कुणी धड वाचलाही नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र उघडा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. संदेश, पावत्या, दोन्ही फाईली मूळ तारखांसकट जपा.

एआय वापरायचंच तर स्वतः वापरा. एका वेळी आठशे-हजार शब्द द्या. ‘सुधार’ म्हणू नका. ‘फक्त शुद्धलेखनाच्या चुका दाखव, मूळ शब्द आणि दुरुस्ती समोरासमोर लिही, वाक्य बदलू नको’ असं सांगा. न बदलायच्या शब्दांची यादी आधीच द्या: वस्ताद, हौदा, चुलवाण (गुऱ्हाळाची मोठी चूल), काहील. दुरुस्त्या फाईलमध्ये आपल्या हातानं करा, आणि शेवटी वर्डच्या ‘कम्पेअर’मध्ये दोन्ही प्रती ताडून पाहा. मी आता मूळ प्रतीवरून पुन्हा तेच करतोय. सहावं प्रकरण चालू आहे.