खोकं नामांकित, काडतूस भलतंच

अमेरिकेत राहून कायदेशीर बंदूक बाळगणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये (टेबलं मांडून भरणारा बंदुका-काडतुसांचा बाजार) मला संरक्षणासाठीची काडतुसं म्हणून भलताच माल गळ्यात मारला गेला. पैसे गेले ते गेले. पण त्या मालाने हात किंवा डोळा गेला असता, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी रायफल ५.५६ मिलिमीटर काडतुसाची, साडेदहा इंची नळीची आहे. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते. त्यासाठी एटीएफ या केंद्र सरकारच्या खात्याकडे अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, मग मंजुरीची वाट. दोनशे डॉलरचा कर तेव्हापासून तसाच होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. म्हणजे नवखी गिऱ्हाइकं वाढणार, आणि हे त्या टेबलांमागे बसणाऱ्यांना आपल्या आधी कळतं.

आखूड नळीचा त्रास असा की वेग कमी मिळतो. व्हिएतनामच्या काळापासूनची ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं बारीक एकक) लष्करी गोळी २० इंची नळीतून सेकंदाला साधारण ३,२०० फुटांनी सुटते, आणि तिचा सगळा परिणाम त्या वेगावरच उभा आहे. साडेदहा इंचातून सुटताना त्यातले पाचेकशे फूट कमी होतात. मग ती नुसती आरपार जाते, आणि आपल्या घरांच्या भिंती म्हणजे जिप्समचे पत्रे. पलीकडे मुलं झोपलेली असतात. म्हणून कमी वेगातही उमलणारी, शिशाचा गाभा आणि तांब्याचं कवच एकजीव केलेली ‘बाँडेड’ गोळी बघावी लागते. ती महाग. सरावाचं काडतूस पन्नास-साठ सेंटला पडतं, हे डॉलरच्या वर जातं. त्यातून खोक्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची चाचणीच्या नळीतला असतो. ३,००० छापलं असेल तर आपल्या नळीसाठी त्यातून चार-पाचशे वजा करायचे. ही लबाडी नव्हे, पण बारीक अक्षरांत का होईना, नळीची लांबी लिहायला कंपन्यांचं काय जातं, हे मला अजून उमगलेलं नाही.

टेबलामागचा माणूस हे सगळं जाणून होता. “नळी किती इंची?” हा त्याचा पहिला प्रश्न. मग “५५ ग्रेन घेऊच नका, तुम्हाला ६२ ग्रेन बाँडेडच हवी,” असा सल्ला. सल्ला शंभर टक्के बरोबर! माल कुठला, तर म्हणे एका पोलीस खात्याची मोठी ऑर्डर रद्द झाली, त्यातला उरलेला. तपकिरी साधी खोकी, वर नामांकित कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेलं लेबल. भाव सत्तर सेंट. चाळीस सांगितला असता तर कुणालाही शंका आली असती. सत्तर म्हणजे ‘घाऊक आहे म्हणून परवडतं’ असं वाटायला लावणारा नेमका आकडा. रोख दिले तर आणखी थोडी सूट, आणि पावती नाही.

रेंजवर क्रोनोग्राफ लावला होता, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. एकाच खोक्यातल्या काडतुसांत दोन-अडीचशे फुटांचा फरक दिसायला लागला. कंपनीच्या मालात इतकं वरखाली होत नाही. पुढच्या एका काडतुसाला धड आवाजच आला नाही. नुसतं ‘फट’ झालं, धक्का नाही, पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, बाहेर पडली नाही. अशा वेळी हात आपोआप काडतूस भरायचा दांडा मागे ओढून पुढचं काडतूस भरायला जातो. तेच करायचं नसतं. दारू कमी भरली असेल तर गोळी नळीतच अडकून बसते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली की नळी फुटते. रेंज ऑफिसर ओरडत आला, मॅगझिन काढलं, बंदूक रिकामी करून नळीत सळई घातली. सळई अर्ध्यावर अडली.

आमच्या ओळखीचे एक काका गेली कित्येक वर्षं आपली काडतुसं घरी स्वतः भरतात. खोकी त्यांच्यापुढे ठेवली.

“आधी सगळी टेबलावर पसर,” ते म्हणाले. “त्यात थ्री हंड्रेड ब्लॅकआउट मिसळलेलं नाही ना ते बघू.”

त्यांची ही भीती रास्त होती. ब्लॅकआउट हे जाड गोळीचं वेगळं काडतूस, पण त्याची पुंगळी ५.५६ चीच कापून करता येते, मॅगझिनही तेच चालतं, आणि चुकून ते ५.५६ च्या नळीत बसलं तर रायफलच फुटते. नशिबाने तसलं काही निघालं नाही. मग त्यांनी पुंगळ्यांची बुडं भिंगातून पाहिली.

“अरे, ही तर गोधडी आहे! एल-सी म्हणजे लेक सिटीचा लष्करी कारखाना. शेजारचे दोन आकडे वर्षाचे. एकाच खोक्यात चार वेगवेगळी वर्षं, आणि मध्येच भलत्याच कंपन्या?”

लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती (बुडातली, दारू पेटवणारी टिकली) धातू दाबून बसवलेला असतो. ती पुन्हा भरायची तर ती दाबलेली कड काढावी लागते आणि तिथे चकचकीत उतार राहतो. इथे जवळजवळ प्रत्येक पुंगळीवर तो होता. काही गोळ्या पुंगळीत जास्त आत सरकलेल्या होत्या, त्याने दाब वाढतो. काकांनी एक गोळी उपटून काट्यावर ठेवली. ६२ नाही, ५५ ग्रेन. टोकाला शिसं दिसत होतं खरं, पण पातळ कवचाची, कायोटीसारखी लहान जनावरं मारायची साधी गोळी. थोडक्यात, वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून गॅरेजमध्ये भरलेला माल. काकांचा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. काडतुसं भरून विकण्याचा धंदा करायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि त्याची फी तीन वर्षांची ३० डॉलर आहे. तेवढेही त्या गृहस्थाने सोडले नाहीत, असं ते परत परत म्हणत होते.

लेबलचा फोटो कंपनीला पाठवला. उत्तर लगेच आलं: हा लॉट नंबर आमच्या या मालाचा नाही, कृपया एकही काडतूस झाडू नका. शोच्या आयोजकांनी टेबल भाड्याने दिल्यापलीकडे आपला संबंध नाही असं सांगितलं. विक्रेत्याने दिलेला नंबर बंद. रोखीचा व्यवहार, त्यामुळे बँकेकडे दाद मागायचीही सोय नाही. उरलेली काडतुसं रेंजवाल्यांनी निकामी मालाच्या पेटीत घेतली, तेही आधी फोन करून विचारल्यावर.

कार्ड घेणारा, पावतीवर लॉट नंबर लिहून देणारा दुकानदार पाच-दहा सेंट जास्त घेतो, ते मी आता मुकाट्याने देतो. नवं खोकं आधी उघडून बुडांवरचे शिक्के बघतो. सगळे सहसा एकसारखे असायला हवेत. खर्च आटोक्यात ठेवायचा तर सराव साध्या काडतुसावर करावा आणि संरक्षणाची एकाच लॉटची मोजकी खोकी घ्यावीत. त्यातली थोडी आपल्याच बंदुकीतून झाडून ती अडकत नाहीत ना, आणि नेम तिथेच लागतो ना, एवढं पाहिलं की बाकीची नीट ठेवून द्यायची.

आणि एक. या शोमध्ये आपली नवीन आलेली मुलं हौसेने फिरताना दिसतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर १९९८ पासूनच्या कायद्याने तुम्हाला बंदूकच नव्हे, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून; टेबलामागच्या माणसाला विचारून नव्हे. तो तुमचा व्हिसा विचारणार नाही. ग्रीन कार्ड आलं की मग बघा.