समाजमंदिरातील रविवारचे वाचनालय : एका कृषी केंद्रचालकाने घेतलेला वर्षभराचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात असलेल्या आमच्या गावात, समाजमंदिराच्या पडवीत, दर रविवारी मुलांचे वाचनालय भरते. ‘भरते’ हाच शब्द योग्य आहे, कारण त्याला स्वतःची खोली नाही, फलक नाही आणि कपाटही नाही. सकाळी आठच्या सुमारास दोन लोखंडी पेट्या बाहेर येतात, सतरंज्या अंथरल्या जातात, खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळवण्याच्या चिमट्यांनी त्यांवर पुस्तके टांगली जातात आणि दहा वाजता सारा पसारा पुन्हा पेट्यांत जातो. वर्गणी नाही, अनामत नाही. गावातील चार-पाच स्वयंसेवक हे काम विनामोबदला करतात. माझी दोन्ही मुले, थोरली पाचवीत आणि धाकटा दुसरीत, गेले वर्षभर तेथे जात आहेत, आणि त्यांना सोडायला-आणायला जाता जाता मीही बहुतेक रविवारी थोडा वेळ मागे बसलो आहे. त्या बैठकींवरून हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवातीला माझे मत फारसे अनुकूल नव्हते, हे कबूल करतो. माझे बियाणे, खते आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. बियाण्याच्या पिशवीबरोबर फुकट मिळणाऱ्या टोपीचे पैसे पिशवीच्या किमतीतच धरलेले असतात, हे मी रोज पाहतो. त्यामुळे ही मंडळी निवडणुकीची तयारी करीत आहेत की एखाद्या खासगी शिकवणीची, एवढाच माझा पहिला प्रश्न होता. एक वर्ष उलटले, निवडणूक होऊन गेली, शिकवणी निघाली नाही, आणि पेट्या मात्र दर रविवारी उघडतच राहिल्या.

पुस्तके सुमारे तीनशे असावीत. त्यांत 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त, चित्रांनी भरलेली पुस्तके आहेत, बालभारतीकडून 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे सुटे अंक आहेत आणि प्रथम बुक्सच्या पातळ गोष्टी आहेत. प्रथम बुक्सने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथील गोष्टी कोणालाही विनामूल्य उतरवून छापता येतात आणि त्यांना एक ते चार अशा पायऱ्या दिलेल्या असतात. आमच्या स्वयंसेवकांनी हीच पद्धत सर्व पुस्तकांना लावून मुखपृष्ठावर रंगीत टिकल्या चिकटविल्या आहेत, त्यामुळे मुलाला कोणते पुस्तक झेपेल हे पाहायला वेळ लागत नाही. मात्र उतरविलेल्या गोष्टी आर्वीला झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या छापून आणल्या जातात आणि तेथे ही सेवा सपशेल कमी पडते. चित्रातला मोर करडा असेल, तर सहा वर्षांचे मूल ते पुस्तक दोरीवरून उतरवीतच नाही. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे.

तथापि पुस्तकांची संख्या हा या सेवेचा खरा भाग नाही. पुस्तके आमच्या शाळेतही आहेत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी इयत्तांनुसार वर्षाला पाच हजार ते वीस हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि त्यातून आलेली पुस्तके कुलपात आहेत, कारण पुस्तक हरवले तर हिशेब शिक्षकांना द्यावा लागतो. मी त्यांना दोष देत नाही. साठा-नोंदवही सांभाळणाऱ्याची भीती मला ठाऊक आहे. पण पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतील पहिलाच नियम आहे, आणि समाजमंदिरात तो पाळला जातो. तेथील वहीत मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि तारीख एवढेच लिहितात. फाटलेल्या पुस्तकाला मुलांकडूनच पट्टी चिकटवून घेतात, हरवलेल्या पुस्तकाबद्दल दंड घेत नाहीत. वर्षभरात दहा-बारा पुस्तके गेली, असे त्यांनी मला सांगितले. माझ्या गोदामात उंदीर याहून अधिक नुकसान करतात.

सेवेचा खरा भाग आहे तो साडेआठनंतरचे प्रकट वाचन. एक स्वयंसेवक पुस्तक छातीशी, पाने मुलांच्या बाजूला, असे धरून बसते, ओळीखालून बोट फिरवीत सावकाश वाचते, आणि पान उलटण्यापूर्वी थांबून विचारते की आता पुढे काय होईल. मुले ओरडून उत्तरे देतात. बरोबर उत्तराची शाबासकी नसते आणि चुकीच्या उत्तराला हसणे नसते. पान उलटले की गोष्टच निकाल देते. मला आधी हा वेळेचा अपव्यय वाटला होता. पण याच थांब्यामुळे जे मूल अजून अक्षर ओळखत नाही तेही गोष्टीत सामील होते, चित्र पाहून अंदाज बांधते, आणि अंदाज खरा ठरला की नाही हे पाहण्यासाठी त्याला पुढची ओळ हवी असते. माझा धाकटा तिसऱ्या-चौथ्या रविवारी वाचणाऱ्या ताईच्या बोटाबरोबर ओठ हलवू लागला. घरी त्याच्यासाठी आणलेल्या महागड्या उजळणीच्या तक्त्याने हे दोन वर्षांत साधले नव्हते.

या वाचनातील आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, केळीला केयी आणि पोळ्याला पोया. साहजिकच मूल पुस्तकातला ‘काळा’ हा शब्द ‘काया’ असा वाचते. शाळेत अशा वेळी बहुधा वाचन तिथेच थांबविले जाते आणि मूल पुढे तोंड उघडीनासे होते. येथे वाचणारी ताई ‘हो, काया बैल’ असे म्हणून पुढे जाते आणि गोष्ट संपल्यावर, सहज, फळ्यावर ‘ळ’ काढून विचारते की पुस्तकवाल्यांनी हे अक्षर कशासाठी घातले असेल. अक्षर ओळखून अर्थ लावणे आणि प्रमाण उच्चार करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तिला कोणी शिकविले कोण जाणे. पण तिची मुले मोठ्याने वाचायला घाबरत नाहीत. वऱ्हाडीत छापलेले एकही बालपुस्तक पेटीत नाही ही उणीव मात्र मला डाचते, आणि ती भरून काढण्यासाठी आजी-आजोबांकडून गोष्टी लिहून घेऊन हाताने पुस्तके करण्याचा विचार स्वयंसेवकांनी बोलून दाखविला असला, तरी अजून तो बोलण्यापुरताच आहे.

ही माणसे हे का करतात, हा प्रश्न मी एकेकाला स्वतंत्रपणे विचारला. समाजसेवा हे उत्तर कोणीही दिले नाही. जी ताई मुख्यतः वाचून दाखविते ती डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, करीत आहे. महाविद्यालयातर्फे शाळेत सरावाचे पाठ घेताना मुले आज्ञेने गप्प बसतात आणि येथे गोष्टीने बसतात, या फरकासाठी आपण येतो, असे ती म्हणाली. पेट्यांची किल्ली सांभाळणारे काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. हातात पैसे घेऊन गाडीवरची पाटी वाचायला सांगणारी माणसे त्यांनी पस्तीस वर्षे पाहिली आणि त्यांत शाळेत जाणारी पोरेही असत, याचे त्यांना वाईट वाटे. बचत गटातील एका बाईंचे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटले. त्यांचे शिक्षण चौथीत सुटले, सही येते पण वाचन तुटले आहे, आणि लहान मुलांच्या पुस्तकांत बसून ते पुन्हा जोडता येते. मोठ्यांच्या साक्षरता वर्गात जायला त्यांना लाज वाटली असती. सतरंज्या त्या अंथरतात आणि मग हिरव्या टिकलीचे एक पुस्तक घेऊन खांबाला टेकतात. दहावीत गणितात नापास झालेला एक तरुण नोंदवही ठेवतो. त्याचे म्हणणे असे की आकडेमोड त्याला येत होती, उदाहरणातली वाक्येच कळत नव्हती.

या उत्तरांवरून या सेवेचा टिकाऊपणा मला समजला. प्रत्येकाचे स्वतःचे काहीतरी वाचनापाशी अडलेले आहे आणि म्हणून तो रविवारी येतो. कोणी वरून नेमलेला माणूस असता, तर पहिल्या पावसाळ्यातच पेट्या गंजल्या असत्या.

माझ्या दुकानातही वाचनापाशी काही अडते, म्हणून हे मला परके वाटले नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे रंगीत चिन्ह असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. सोबत बारीक अक्षरांतील माहितीपत्रक असते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांना वाचता आले असते तर त्यांचे प्राण वाचले असते, असे मी म्हणत नाही, कारण त्या घटनेमागे अनेक कारणे होती. पण त्या वर्षापासून मी गिऱ्हाइकाला पत्रक उघडून दाखवितो, आणि अलीकडे काही घरांत ते पत्रक मुले मोठ्याने वाचून दाखवितात. गेल्या हंगामात सहावीतली एक मुलगी वडिलांबरोबर काउंटरशी उभी राहून ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये’ हे वाक्य दोनदा वाचत होती. ती याच वाचनालयातली.

देशाची स्थिती पाहिली, तर अशा पेट्या गावोगावी लागतील. ‘असर’ या ग्रामीण भागातील शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता येण्यासाठी 2026-27 ची मुदत ठेवली आहे. शिवाय विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; या लांबलेल्या सुट्टीत सकाळी सात ते नऊ असे वाचनालय चालू ठेवणे हे स्वयंसेवकांचे मला सर्वांत उपयुक्त वाटलेले काम आहे.

तक्रारीही लिहिल्या पाहिजेत. कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की निम्मी मुले येत नाहीत. मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात, आणि नेमकी ज्यांना गरज अधिक तीच गैरहजर असतात. मी वेळ संध्याकाळची करण्याचे सुचविले होते. ती झाली तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता. मोठ्या मुलांसाठी जाड पुस्तके जवळजवळ नाहीत, त्यामुळे थोरली मुलगी आता एकच ‘किशोर’चा अंक तिसऱ्यांदा आणते आहे, बालभारतीने जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत, तेवढे तरी एखाद्या मोठ्या पडद्यावर दाखवायला हवेत. आणि सर्वांत मोठा दोष असा की प्रकट वाचन एकाच व्यक्तीवर उभे आहे. ताईची परीक्षा होती तेव्हा सलग तीन रविवार मुलांना पुस्तके मिळाली, गोष्ट मिळाली नाही, आणि तिसऱ्या रविवारी मुले नऊलाच घरी परतली.

चौथ्या रविवारी काकांनी पुस्तक माझ्या हातात दिले. दुकानात गिऱ्हाइकांपुढे मी दिवसभर बोलत असतो, पण वीस मुलांसमोर माझा आवाज अडखळला आणि मी भराभर वाचून मोकळा होऊ लागलो. दुसऱ्या पानावरून तिसऱ्यावर जाताना माझ्याच मुलीने हात वर केला आणि म्हणाली, ‘बाबा, पान पलटवायच्या आधी इचारा लागते.’