स्वतःची कादंबरी यंत्राच्या तोंडून ऐकताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोन आणि लॅपटॉपमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी जी सोय असते, तिच्याबद्दल लिहितेय. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. मी तीन वेगवेगळ्या वापरल्या, आणि जे सांगायचंय ते तिघींनाही थोड्याफार फरकाने लागू आहे. मी वापरली ती माझ्या अद्भुत (फँटसी) कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्यावर काम करताना. एकेचाळीस प्रकरणं, साधारण ९६ हजार शब्द. गेल्या ऑगस्टपासून आतापर्यंत अख्खी कादंबरी दोनदा ऐकून झाली, तिसरी फेरी चालू आहे.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथे एका दृष्टिहीन शिक्षकांशी गप्पा झाल्या. त्यांनी माझं आधीचं पुस्तक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकलं होतं. म्हणाले, "ताई, गोष्ट आवडली. पण तुमच्या त्या दोन भावांची नावं कानाला एकच लागतात. कोण मेला ते मला चार पानांनी कळलं." मी घरी येऊन पुस्तक उघडलं. कागदावर ती दोन नावं किती वेगळी दिसत होती! एकात ळ, एकात ल, एकाची वेलांटी पहिली, एकाची दुसरी. सगळा वेगळेपणा डोळ्यांसाठी होता. तेव्हाच ठरवलं की नवं पुस्तक छापायला जाण्याआधी कानावरून जाईल.

माझा दिवस असा असतो. पहाटे साडेचारला उठून दोन तास लिखाण, मग स्वयंपाक आणि शाळा. पूर्वी या दोन तासांतला पहिला पाऊण तास काल लिहिलेलं पुन्हा वाचण्यात जायचा. आता ते ऐकणं मी बोरी नदीच्या काठाने चालताना करते. शनिवारी कामासाठी जळगावला जाते, तेव्हा गाडीत धरणगाव, पाळधी मागे पडेपर्यंत एक मोठं प्रकरण होतं. टेबलाशी बसायचं ते फक्त दुरुस्तीसाठी. पूर्ण कादंबरी साध्या वेगात ऐकायला मला साडेतेरा तास लागले. वेग वाढवून पाहिला, पण मग गोष्ट कळते आणि वाक्य निसटतं. दुसऱ्या खर्ड्याला मला वाक्य हवं असतं, म्हणून साधाच वेग ठेवला.

एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकले: ऐकताना पडद्याकडे बघायचं नाही. डोळे मजकुरावर असले की ते स्वतःच चुका भरून काढतात, कान मग आळशी होतो. खिशात लहान वही ठेवते. अडलं की थांबते आणि ऐकू आलेले शेवटचे तीन शब्द लिहून ठेवते. घरी आल्यावर फाइलमध्ये ते तीन शब्द शोधले की जागा सापडते.

तयारीला मात्र वेळ गेला. पहिली नऊ प्रकरणं मी कित्येक वर्षांपूर्वी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. ती वाचणाऱ्या आवाजाला म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये बदलून घेतली, वरवर नजर टाकली, सगळं ठीक दिसलं. मग ऐकायला लागले तर सातव्या प्रकरणात आवाज म्हणाला, "सैन्य तीन दर्या ओलांडून आलं." मी काठावर थबकलेच. माझ्या कादंबरीत समुद्र नाही! माझं सैन्य सातपुड्यासारख्या डोंगरातून येतं, ते तीन दऱ्या ओलांडतं. फॉन्ट बदलताना ऱ्या जाऊन सगळीकडे र्या झाला होता. दऱ्यांच्या जागी दर्या, आचाऱ्यांच्या जागी आचार्य. मी ती प्रकरणं बदलल्यानंतर डोळ्यांनी दोनदा वाचली होती आणि एकदाही दिसलं नव्हतं. जुनं लिखाण बदलून घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते, ते एकदा ऐकाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावं. अद्भुत कादंबरीत निम्मी माणसं, नद्या, गावं आपण जन्माला घातलेली असतात. वाचकाने तो शब्द आधी कुठे ऐकलेला नसतो. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांना वेगळी खूण नाही. जाईचं फूल आणि 'तो रोज रानात जाई' यांतला ज आपण वेगळा म्हणतो, कारण शब्द ओळखीचा असतो. नव्या नावाला ती ओळख कुठून येणार?

माझ्या कादंबरीत एक म्हातारी मंत्रकर्ती आहे. तिचं नाव मी 'जरा' ठेवलं होतं. जरा म्हणजे वार्धक्य, शिवाय दोन शकलं सांधून जरासंधाला जिवंत करणारी महाभारतातली राक्षसीही तीच. मला नाव फार प्रिय होतं. आवाजाने वाचलं, "जरा आली. जरा हसली. जरा पुढे झाली." दर वेळी 'थोडीशी' या अर्थाचा जरा! थोडीशी आली, थोडीशी हसली. आधी मला यंत्राचा राग आला. मग वाटलं, भुसावळचा किंवा नंदुरबारचा वाचक तरी वेगळं काय करणार आहे? वाक्याच्या सुरुवातीला 'जरा' दिसलं की कुठलंही मराठी डोकं आधी 'थोडं'च वाचणार. तेरा प्रकरणं मी त्या नावाशी बांधलेली होती, तरी बदललं. आता तिचं नाव जीर्णा आहे. ईकार आला की ज तालव्यच, म्हणजे 'जीव'मधल्यासारखा, होतो, त्याला दुसरी वाट नाही. त्यानंतर मी सगळ्या नावांची यादी केली, प्रत्येक नाव आवाजाला वाचायला दिलं आणि जिथे च-ज-झ डळमळला तिथे स्वर बदलला. हे काम तीन संध्याकाळी चाललं. सबंध दुसऱ्या खर्ड्यातल्या या सगळ्यात मोलाच्या संध्याकाळी आहेत असं मी मानते.

लकबी सापडल्या त्याचं वेगळं सांगायला नको. 'क्षणभर' हा शब्द माझ्या हस्तलिखितात दोनशेहून जास्त वेळा होता. आता एकोणीस वेळा आहे. 'मान डोलावली'ही तसंच.

आवाजाचा सपाटपणा हा लोक त्याचा दोष म्हणून सांगतात. मला तो या कामासाठी गुण वाटतो. मी स्वतः मोठ्याने वाचते तेव्हा मी अभिनय करते. वाक्यात जे नाही ते गळ्यातून घालते, वाईट जागी आवाज चढवते, कच्च्या जागी थांबते. यंत्र राजाचा खून आणि भाकरीचं पीठ एकाच सुरात वाचतं. मग वाक्यात स्वतःचं बळ किती ते कळतं. माझ्या लढाईच्या प्रकरणात एक सत्तेचाळीस शब्दांचं वाक्य होतं, मला ते धावतंय असं वाटायचं. सपाट आवाजात ते जिल्हा परिषदेच्या परिपत्रकासारखं ऐकू आलं. तोडून पाच वाक्यं केली. उलट पहारेकऱ्याच्या मरणाचा परिच्छेद अगदी साधा लिहिला होता, तो बदलायचा म्हणून बाजूला ठेवलेला. त्याच कोरड्या सुरात तो ऐकला आणि मला पुढचं पाऊल टाकवेना. त्यातला एक शब्दही हलवला नाही.

संवादांतही असाच उपयोग झाला. आवाज अवतरणचिन्हं वाचत नाही आणि बोलणारा बदलला म्हणून सूरही बदलत नाही. तीन माणसं बोलत असताना दोन मिनिटांत मला कोण कुठलं ते कळेनासं झालं. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' वाढवणं हा यावरचा उपाय नाही. जिथे प्रत्येकाचं बोलणं खरंच वेगळं होतं तिथे सपाट आवाजातही माणूस ओळखू आला. जिथे तिघंही माझ्याच भाषेत बोलत होते तिथेच गोंधळ झाला. अशी अकरा पानं मी पुन्हा लिहिली.

इथून मी अहिराणीकडे, आमच्या खानदेशातल्या बोलीकडे येते, आणि इथे ही सोय अपुरी पडते. माझ्या कादंबरीतली डोंगरातली माणसं जी बोली बोलतात ती मी अहिराणीवरून घडवलीय. यंत्र प्रमाण मराठीच्या हेलात ते वाचतं. शब्द सगळे येतात, 'शे' येतं, 'तुले-माले' येतं, पण बोली येत नाही. एकदा स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून ऐकत होते. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "हाई बाई कशी बोलस व माय? शायानी मास्तरीन वाटस." मी मास्तरीणच आहे, तेव्हा आधी वाटलं दोष माझ्या लिहिण्याचा आहे. म्हणून तीच पानं आईकडून वाचून घेतली. तिच्या तोंडी ती उभी राहिली, पण एक गोष्ट तिने न सांगता बदलली. माझ्या नदीचं नाव काळेरी. आईने प्रत्येक वेळी 'कायेरी' म्हटलं. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते, तशी काळेरीची कायेरी. हे मला माहीत होतं, जन्मापासून ऐकतेय, आणि तरी लिहिताना सुचलं नव्हतं. आता कादंबरीत गढीवरचे लोक काळेरी म्हणतात आणि डोंगरातले कायेरी. परका हेर कोण हे एका प्रसंगात त्या एका अक्षरावरून उघडं पडतं. तो प्रसंग पहिल्या खर्ड्यात नव्हताच.

म्हणून माझी पद्धत आता अशी झालीय की प्रमाण भाषेतली प्रकरणं यंत्राकडे आणि बोलीतली आईकडे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची रचना तोंडातून कानात गेली आणि मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यासारख्यांनी ती कागदावर घेतली. ज्या मुलखात हे घडलं तिथे बसून मी बोली आधी कागदावर रचत होते, याची आता मला हुरहूर वाटते.

त्रासही सांगायला हवेत, कारण ते रोजचे आहेत. फोन आला की वाचन थांबतं आणि पुन्हा सुरू केलं की प्रकरणाच्या तोंडापासून. म्हणून मी प्रकरणं तुकडे करून वेगवेगळ्या फाइलींत ठेवते. एका अ‍ॅपमध्ये पडदा बंद झाला की आवाजही बंद व्हायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४च्या पुढे जातो, वीजही जाते. तशा दुपारी इंटरनेटवर चालणारा चांगला आवाज मिळेलच याची खात्री धरू नये, फोनमध्ये उतरवून ठेवलेला आवाज जवळ असू द्यावा. तो अधिक खरखरीत असतो, पण कामाला पुरतो. आणखी एक कारण आहे. इंटरनेटवरचा आवाज तयार होतो तो दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे आपला अप्रकाशित मजकूर तिकडे जातो. शेवटची पाच प्रकरणं मी म्हणूनच नेट बंद करून ऐकते. खर्च म्हणाल तर सोय फुकट आहे, वायरचे इयरफोन तेवढे घेतले. चालताना एक कान मोकळा ठेवते, काठावर ट्रॅक्टर येतात.

ही सोय कुणी वापरावी? जो पहिला खर्डा लिहितोय त्याने नको. मी ते करून पाहिलं. अर्धवट लिहिलेलं ऐकलं की हात आखडतो, पुढचं पान सुचत नाही. खर्डा पूर्ण होऊन निदान महिनाभर बाजूला पडलेला असावा, मग ऐकावं. कवितेसाठी तर मी मुळीच सुचवणार नाही. माझ्या कादंबरीत आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या गाण्यांच्या धर्तीवर रचलेल्या ओव्या आहेत, तीन पानं. झोक्यावरच्या गाण्याचा ठेका झोका देण्यातून येतो. झोका मागे जातो तेव्हा ओळ ताणली जाते, पुढे येताना सुटते. यंत्र ओळीच्या टोकाला थांबत नाही, यमक तुडवत पुढे जातं. पहिल्या फेरीत ते ऐकून मला वाटलं की ओव्या फसल्या आणि मी दोन काढूनही टाकल्या. पुढे शेजारच्या काकूंना त्या सहज म्हणून दाखवल्या, तर त्यांनी तिसऱ्या ओळीपासून माझ्यासोबत मान हलवत ठेका धरला. काढलेल्या दोन्ही परत घातल्या. ती तीन पानं आता मी यंत्राला देत नाही. येत्या आखाजीला गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला की तिथेच म्हणून बघणार आहे.