ब्रिटिश म्युझियमचे 49 क्रमांकाचे दालन : साखळीत जडवलेली मोहर

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वरच्या मजल्यावर रोमन ब्रिटनचे, म्हणजे रोमन अमलाखालील ब्रिटनचे, 49 क्रमांकाचे दालन आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन येथे 1992 साली सापडलेल्या पुरलेल्या धनातील निवडक वस्तू तेथे पाहायला मिळतात. या धनात 569 सोन्याची नाणी होती. मात्र माझ्या मते त्यांतील कोणत्याही सुट्या नाण्यापेक्षा अधिक बोलके आहे ते शरीरावर घालायच्या सोन्याच्या साखळीत जडवलेले रोमन सम्राट ग्रेशियनचे सॉलिडस हे सोन्याचे नाणे.

सॉलिडस हा नाण्याचा प्रकार रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी सुरू केला. एका रोमन पौंड सोन्यातून 72 नाणी पाडायची असा नियम असल्याने एकाचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तोळ्यापेक्षाही कमी भरते. खांद्यांवरून आणि काखेखालून येणाऱ्या चार साखळ्या छातीवर व पाठीवर ज्या दोन ठिकाणी जुळतात, त्यांपैकी एका ठिकाणी जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि गार्नेट ही रत्ने आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी नक्षीदार चौकटीत हे नाणे बसवले आहे. संपूर्ण साखळीचे वजन सुमारे 250 ग्रॅम असले, तरी तिचा घेर इतका लहान आहे की ती एखाद्या सडपातळ स्त्रीची किंवा मुलीची असावी.

ग्रेशियन 383 साली मारला गेला आणि हे धन 407 नंतर केव्हातरी पुरले गेले. म्हणजे ही मोहर निदान दोन तपे तरी कोणाच्या ना कोणाच्या घरात जपली गेली होती. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना पुतळी म्हणून गळ्यात मिरवणाऱ्या आपल्या लोकांना ही जपणूक वेगळी समजावून सांगावी लागत नाही, आणि म्हणूनच मी त्या काचेपुढे सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. जवळच ‘ज्युलियाना’ हे नाव जाळीकामात कोरलेले कंकण आहे, आणि मिऱ्यांसाठी घडवलेले, स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचे चांदीचे पात्रही आहे. त्यातली मिरी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे जात असत.

नाण्यावरील अक्षरे बारीक असल्याने आधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे पाहून जावे. प्रवेश विनामूल्य आहे. तेव्हा इजिप्तच्या ममींकडे वळण्याआधी अर्धा तास या दालनाला अवश्य द्यावा.