मोड आणण्याचा कप्प्यांचा डबा: बारीक दाण्यांसाठी उत्तम, माहितीपत्रक मात्र अपुरे

कडधान्यांना मोड आणण्यासाठी छिद्रे असलेल्या कप्प्यांचा जो प्लास्टिकचा डबा मिळतो, तो गेले काही महिने मी नियमित वापरत आहे. सुती फडक्याच्या पुरचुंडीपेक्षा त्यात काही अधिक साधते का, एवढेच मला पाहायचे होते. बारीक दाण्यांच्या बाबतीत ते निश्चितच साधते. मोठ्या दाण्यांसाठी मात्र फडकेच बरे, असे माझे मत झाले आहे.

भिजलेला दाणा अंकुरताना श्वसन करतो, म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतो आणि उष्णता बाहेर टाकतो. पुरचुंडी घट्ट बांधली की आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही, ते गरम होतात आणि थोड्याच वेळात आंबूस वास येऊ लागतो. या डब्यात दाणे पातळ थराने पसरता येतात आणि जास्तीचे पाणी निथळून तळाच्या भांड्यात उतरते, त्यामुळे ही अडचण जवळजवळ राहत नाही. 6 ते 8 तास भिजवून, उपसून ठेवलेल्या मुगाला उबदार हवेत साधारण दिवसभरात एकसारखे, पांढरेशुभ्र मोड येतात, आणि मसूरही तितकाच चांगला साधतो. हरभऱ्याचे तसे नाही. तो 10 ते 12 तास भिजवला तरी मोड यायला वेळ घेतो आणि तोवर वरचे दाणे सुकू लागतात, म्हणून अखेर कप्प्यावर ओले फडके पसरावेच लागते.

स्वच्छता हा या डब्याचा कच्चा दुवा आहे. मोड थोडे लांबले की मुळे छिद्रांतून खाली उतरतात आणि दाणे काढताना तिथेच तुटून अडकतात. मेथी घातली तर तिच्या बुळबुळीत थराने छिद्रेच बुजतात. बारीक ब्रशने प्रत्येक कप्पा घासून तो पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

दाणे एकदा भरल्यावर पुन्हा धुवावे लागत नाहीत, हा माहितीपत्रकातला दावा मला मान्य नाही. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ पसरली आणि जिच्यात 50 हून अधिक माणसे दगावली, तिचा संबंध मेथीच्या मोडांशी जोडला गेला होता. त्यामुळे दिवसातून किमान दोनदा दाणे स्वच्छ पाण्याने धुवावेत, मोड आल्यावर ते लगेच फ्रीजमध्ये ठेवावेत, आणि लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांना ते शिजवूनच द्यावेत. धुण्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे, याच पत्रकात मुगाच्या शेजारी राजमाही कोणत्याही सूचनेविना छापला आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन भरपूर असते आणि मोड आल्याने तो कच्चा खाण्याजोगा होत नाही. तो किमान 5 तास भिजवून, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळत पूर्ण मऊ शिजवावा. ही सूचना उत्पादकाने पत्रकात ठळक अक्षरांत छापायलाच हवी; तोपर्यंत नवशिक्यांनी या डब्यात मूग आणि मसूर एवढेच घालावेत.