वाचनालय उत्तम, पण कार्ड कुणाला मिळतं ते आधी बघा

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, शंभरी कधीच ओलांडलेलं, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. नाव देत नाहीये, कारण हे नियम थोड्याफार फरकाने बऱ्याच गावांत असेच आहेत आणि मला एकट्या आमच्या वाचनालयाला बोल लावायचा नाहीये. रेटिंग द्यायचं तर पुस्तकांना आणि माणसांना पाचपैकी पाच, सभासदत्वाच्या नियमांना पाचपैकी दोन.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खूप आहे. मुक्तद्वार पद्धत आहे, म्हणजे काउंटरवर नंबर लिहून चिठ्ठी द्यायची आणि आतून जे येईल ते घ्यायचं असं नाही, कपाटांमधून स्वतः फिरा, काढा, चाळा, परत ठेवा. पेपर वाचायला कुणीही येऊन बसू शकतं, तिथे कार्ड लागत नाही, सकाळी भाजी घ्यायला निघालेली रिटायर्ड मंडळी पिशवी खुर्चीला अडकवून तासभर बसलेली असतात. दिवाळी अंकांची योजना तर फारच छान, एकदा पैसे भरले की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. आणि ग्रंथपाल ताई!! तुम्ही मागे काय नेलं होतं ते त्यांच्या लक्षात असतं, पुस्तक परत द्यायला गेलं की शिक्का मारता मारता विचारतात आवडलं का, आणि आवडलं म्हटलं की त्याच लेखकाचं दुसरं ड्रॉवरमधून काढून पुढे करतात. हे कुठल्या ॲपमध्ये मिळणार सांगा.

आता कार्ड. फॉर्मवर काय काय आहे बघा. आधार कार्ड, तेही इथल्याच पत्त्याचं. लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती. दोन फोटो. अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी, हे ठीक आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आणि खाली दोन विद्यमान सभासदांची शिफारस, सहीसकट. लहान मुलांचं कार्ड हवं असेल तर आई किंवा वडील आधीपासून सभासद पाहिजेत.

माझं काम सोपं होतं, माहेर सासर दोन्ही इथलंच, सह्या उभ्या उभ्या मिळाल्या. पण आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये नर्सिंगच्या मुली राहतात, एका खोलीत चौघी. त्यातली एक नांदेडकडची, वाचायची भारी आवड, माझ्याकडची पुस्तकं न्यायची आणि प्रत्येकाला कव्हर घालून परत करायची. तिला म्हटलं चल, तुला कार्डच काढून देऊ. काउंटरवर तिने आधार दिलं, त्यावर नांदेडचा पत्ता. लाइट बिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार घरमालक देतच नाही (चार चार मुली ठेवतो, तो कशाला लेखी देईल). कॉलेजचं आयडी होतं, त्यावर फोटो, शिक्का, प्राचार्यांची सही, सगळं. काउंटरवरच्या काकांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि काचेखाली ठेवलेल्या नियमांच्या कागदावर बोट ठेवलं, स्थानिक रहिवासी. वाईट बोलले नाहीत हो, त्यांनाही ओशाळल्यासारखं झालं होतं, पण नियम तो नियम. ती पोरगी म्हणाली राहू दे काकू, आणि फॉर्म नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. शेवटी माझ्या कार्डावर तिला पुस्तकं आणून देते मी, पण मग माझं एक पुस्तक कमी होतं आणि मुख्य म्हणजे तिला स्वतः कपाटांमधून फिरता येत नाही, जी तिथली खरी मजा आहे.

अशी माणसं गावात किती आहेत याचा विचार करा. एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, बँकेत बदली होऊन आलेले, अभ्यासाला खोली घेऊन राहिलेली एमपीएससीची मुलं, सोसायट्यांचे वॉचमन. हिंदी पुस्तकांचं अख्खं एक कपाट आहे आमच्याकडे आणि ते जवळजवळ कुणी उघडत नाही, आणि ज्यांनी ते उघडलं असतं त्यांच्याकडे घरपट्टीची पावती नाही. मुलांचा नियम तर मला अजिबातच पटत नाही, ज्या घरात कुणीच वाचत नाही त्याच घरातल्या मुलाला कार्डाची सगळ्यात जास्त गरज, आणि नेमकं त्यालाच आपण दारातून परत पाठवतो.

हे असं का झालं ते समजून घेतलं तर राग जरा कमी होतो. आपल्याकडची जुनी वाचनालयं सरकारने नाही काढली, लोकांनी वर्गणी काढून काढली. रत्नागिरीचं १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, लोकहितवादींच्या पुढाकाराने, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. ज्यांनी पैसे घातले ते सभासद, आणि सभासद एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे ओळखीच्या माणसाची शिफारस ही पद्धत तेव्हा चालून गेली. पण १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, पुस्तकं किती, दैनिकं-नियतकालिकं किती, सभासद किती अशा गोष्टी बघून वाचनालयांना अ ब क ड वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळायला लागलं. म्हणजे आता त्यात सगळ्यांचा पैसा आहे, त्या वॉचमनने बिस्किटाच्या पुड्यावर भरलेला टॅक्स सुद्धा आहे. मग दार फक्त ओळखीच्यांना उघडं हे कसं चालेल?

अनुदान पुरत नाही हेही खरंय, ते वेळेवर येत नाही ही तर कायमची रड. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात घरपट्टीसोबत ग्रंथालय कर घ्यायची सोय केलेली आहे, आपल्या कायद्यात ती नाही, म्हणून आपली वाचनालयं वर्गणीवर टिकून आहेत. वर्गणी घ्या, अनामत घ्या. माझं भांडण पैशाशी नाही, पत्त्याशी आणि शिफारशीशी आहे.

आणि हे आपल्या लोकांना नवीन आहे असंही नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, लहान गावांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. माझा मावसभाऊ आज जर्सी सिटीत राहतो, नोकरी न्यूयॉर्कमध्ये. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड त्याला फुकट मिळालं, का तर तिथला नियम असा आहे की न्यूयॉर्क राज्यात तुम्ही राहता, काम करता, शिकता किंवा मालमत्ता कर भरता, चारपैकी काहीही एक असलं की पुरे. शिफारस वगैरे काही नाही. २०२१ मध्ये तर त्यांनी उशिराचा दंडसुद्धा बंद करून टाकला.

आमच्या कार्यवाहांशी मी बोलले यावर, सज्जन माणूस आहे, वेळ देऊन ऐकून घेतलं. त्यांचं पहिलं म्हणणं, पुस्तकं बुडतात. अहो पण अनामत कशासाठी घेतो मग आपण? नवीन माणसाला सुरुवातीला एकच पुस्तक द्या, महागडी संदर्भाची पुस्तकं नका देऊ, मोबाइल नंबर तपासून घ्या, कॉलेजचं किंवा मालकाचं पत्र घ्या. शिफारस करणाऱ्याकडून पुस्तकाची किंमत वसूल केल्याचं त्यांनाही आठवेना. दुसरं म्हणणं जास्त खरं होतं आणि ते त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं, निवडणूक. वाचनालय ही नोंदणीकृत संस्था, सभासदाला मतदानाचा हक्क, निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी ट्रकभर सभासद करून कार्यकारिणी ताब्यात घेईल ही भीती. ही भीती खोटी नाही, गावात राजकारण असतंच. पण त्याचा उपाय वाचणाऱ्याला अडवणं हा नाही ना, मत देणारा सभासद वेगळा आणि नुसतं पुस्तक नेणारा वाचक वेगळा असं घटनेत करून टाका, वाचकाला मताचा हक्क नको, त्याला पुस्तक हवंय. मतदानासाठी काय त्या शिफारशी आणि रहिवासाच्या अटी ठेवायच्या त्या ठेवा.

माझ्या मते कार्ड मिळायला इतकंच पुरे: तुम्ही या गावात राहता, काम करता किंवा शिकता, आणि त्याचा कुठलाही एक कागद दाखवता. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला शाळेच्या आयडीवर, अनामत न घेता, आई-वडील सभासद असोत नसोत. युनेस्कोचा ग्रंथालय जाहीरनामा वय, धर्म, भाषा, सामाजिक स्थिती काहीही न बघता सेवा सगळ्यांना सारखी असा आग्रह धरतोय, आपण निदान लाइट बिल तरी बघू नये.

पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचक कार्डाचा ठराव मी लेखी देणार आहे, अनुमोदनाला ग्रंथपाल ताईंनी दोन जुन्या सभासदांची नावं सुचवली आहेत आणि त्यातले एक तयारही झालेत. तुम्ही आमच्याच वाचनालयाचे सभासद असाल तर सभेला या, आपल्याकडे सभेला चहापुरती माणसं येतात आणि घटनादुरुस्तीला कोरम लागतो. आणि नवीन कार्ड काढायला जाणार असाल तर सध्या तरी आधार, लाइट बिल आणि दोन सह्या घेऊनच जा, संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा ग्रंथपाल ताई स्वतः काउंटरला असतात आणि सह्यांसाठी तिथेच बसलेल्या एखाद्या सभासदाला त्या आपणहून विचारतात.