आमदाराच्या पीएने दोन अधिवेशनं एआय वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आधी किंमत सांगतो, कारण रिव्ह्यू उघडणारा आधी तेच बघतो. पैसे भरून घेतलेला एक चॅटबॉट, महिन्याला २ हजाराच्या आसपास. त्याचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण पुढे त्याला शिव्या पण घालणार आहे आणि कौतुक पण करणार आहे, उगाच कोणी म्हणायला नको की ह्याला कोणीतरी पाकीट दिलं. सोबत गूगलचं नोटबुकएलएम, आणि अनुवादाला कधीमधी केंद्र सरकारचं भाषिणी, ही दोन्ही फुकट.

मी मराठवाड्यातल्या एका आमदार ताईंचा पीए. त्यांची पहिली टर्म आहे, माझी तिसरी, आधी दोन साहेबांकडे काम केलंय. यूट्यूबवर एआयचे शंभर रिव्ह्यू आहेत, विद्यार्थ्यांसाठी, दुकानदारांसाठी, रील बनवणाऱ्यांसाठी, पण तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो) लिहायला हे चालतं का हे कोणी सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. पावसाळी आणि हिवाळी अशी दोन अधिवेशनं वापरून झाल्यावर लिहितोय.

तर तारांकितपासूनच. पहिल्या दिवशी मी चॅटबॉटला सांगितलं की अमुक तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या गळक्या वर्गखोल्यांवर विधानसभेसाठी प्रश्न लिहून दे. आलं काय तर "शासन या गंभीर समस्येचे निराकरण करण्यासाठी कोणती ठोस पावले उचलत आहे?" आता ज्याने एकदा जरी प्रश्न टाकलाय त्याला माहितीये की असा प्रश्न कचऱ्यात जातो. आपली भाषाच वेगळी. "हे खरे आहे काय", मग "असल्यास", मग "उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय", आणि सगळ्यात शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". तर मी काय केलं, मागच्या तीन वर्षांतले आमचे स्वीकारले गेलेले वीसेक प्रश्न त्याला वाचायला दिले आणि म्हटलं ह्या साच्यात लिही. दुसऱ्या मिनिटाला असा प्रश्न आला की वाटलं ह्याने मंत्रालयात कारकुनी केलीय. आता दहा प्रश्नांचा कच्चा खर्डा अर्ध्या तासात होतो, आधी पूर्ण रात्र जायची आणि चहाचं बिल वेगळं.

पण खरी मजा उत्तर आल्यावर. मंत्र्यांची छापील उत्तरं वाचणं ही एक कला आहे हो. "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही", "कार्यवाही सुरू आहे". सभागृहात उपप्रश्न विचारायला मिनिटभर मिळतं, तेव्हा काय पकडायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. मी प्रश्न आणि उत्तर दोन्ही चिकटवतो आणि एवढंच विचारतो की कशाचं उत्तर दिलेलं नाही ते सांग. एकदा त्याने दाखवलं की भाग १ ला "होय" म्हटलंय आणि त्याच्यावरच अवलंबून असलेल्या भाग ३ ला "प्रश्न उद्भवत नाही", हे दोन्ही एकदम खरं कसं असेल. मी तेच उत्तर तीनदा वाचलं होतं, मला दिसलं नव्हतं. ताईंनी तेवढंच धरलं सभागृहात. ह्या एका कामाला मी ५ पैकी ५ देतो, डोळे झाकून.

आता शिव्या.

हिवाळी अधिवेशनाच्या वेळची गोष्ट, नागपुरात आमदार निवासात, रात्रीचे बारा वाजून गेलेले, सकाळी लक्षवेधी द्यायची होती, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, नियम १०५ वाली. मी विचारलं ह्या विषयावर शासन निर्णय, म्हणजे जीआर, कोणता आहे. त्याने लगेच विभाग, तारीख, संकीर्ण, प्र.क्र., कार्यासन, सगळं दिलं आणि खाली संकेतांक पण. इतकं व्यवस्थित की मी टाईप करायला घेतलं सुद्धा. आता जीआरच्या शेवटी जो १८ आकडी संकेतांक असतो ना, त्याचे सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख असते, हे जुन्या पीएंना पाठ असतं. तारीख होती एक आणि आकडे सांगत होते भलतंच. साईटवर टाकून बघितला, असा जीआर जन्मालाच आलेला नाही. मी त्याला म्हटलं हा सापडत नाही, तर माफी मागून दुसरा दिला, तो पण नाही!! गावात एखाद्याला पत्ता विचारला तर माहीत नसलं तरी हात लांब करून "हे असंच सरळ जावा" म्हणणारा माणूस असतो बघा, हे तसलं प्रकरण आहे. नाही माहीत म्हणायला जीभ वळत नाही.

तो जीआर सूचनेत गेला असता आणि मंत्र्यांनी उभं राहून "सन्माननीय सदस्यांनी उल्लेख केलेला शासन निर्णय अस्तित्वातच नाही" म्हटलं असतं तर ताईंची पहिली टर्म तिथेच हसण्यावारी गेली असती आणि माझी नोकरी पण. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दिले होते, त्यांना ५ हजार डॉलर दंड झाला. वकिलाचं दंडावर भागलं, आमदाराचं तर रेकॉर्डवर राहतं.

तेव्हापासून जीआर, कलम, आकडा यातलं काहीही मी त्याला विचारत नाही. मी फाईल देतो आणि त्यातूनच सांग म्हणतो. इथे नोटबुकएलएम बरं पडतं कारण ते तुम्ही चढवलेल्या कागदांतूनच बोलतं आणि कुठून घेतलं तो उतारा समोर उघडून दाखवतं, चुका त्यातही होऊ शकतात पण तपासायला दोन सेकंद लागतात. कॅगचे (सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचे) अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, शेकडो पानं, सगळे परतीच्या गाडीची वेळ बघत असतात, अशा वेळी ते चढवायचं आणि आपल्या जिल्ह्याचं नाव कुठे कुठे आलंय ते विचारायचं. आम्हाला पाणी योजनेवरचा एक परिच्छेद असा मिळाला जो मी हाताने वाचत बसलो असतो तर दिवाळी आली असती. अट एकच, पीडीएफ वाचण्यासारखी पाहिजे. जुने जीआर उघडून कॉपी मारून बघा, वेलांटी इकडे, रफार तिकडे, अर्धी अक्षरं गायब, नाहीतर सरळ स्कॅन केलेला वाकडा कागद आणि त्यावर गोल शिक्का. तिथे एआय पण हात टेकतं, आणि कधीकधी हात न टेकता मनानेच वाचून टाकतं, ते जास्त डेंजर.

मतदारसंघाच्या तक्रारी हा वेगळाच विषय. आमच्या नंबरवर रोज पन्नास-साठ व्हॉट्सअॅप येतात, त्यातले निम्मे व्हॉइस नोट, कारण लोकांना टाईप करायचा कंटाळा आणि रागात बोलायला बरं पडतं. ते लिहून काढायला लावले. एका काकांची नोट होती, "ताई आमच्या वस्तीवरची डीपी जळालीया, आठ दिस झालं, वायरमन फोन उचलंना गेलाय." तर सारांश काय आला, "नागरिकाची प्रोफाइल फोटोबाबत तक्रार, दूरध्वनीवर प्रतिसाद नाही." मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं, अर्धा तास कोणी काम केलं नाही. मग त्याला आमचे शब्द एका कागदावर लिहून दिले, डीपी म्हणजे रोहित्र, कोटा म्हणजे रेशनचं धान्य, फेर म्हणजे फेरफार, आणि तो कागद रोज आधी चिकटवायचा. त्यानंतर महिनाभराच्या तक्रारी गावाप्रमाणे लावायला सांगितल्या तर दिसलं की डीपीच्या तक्रारी अकरा गावांतून आहेत पण ती अकराही गावं एकाच फिडरवर, म्हणजे एकाच वीजवाहिनीवर. आम्ही आजपर्यंत प्रत्येकाला वेगळं पत्र देत होतो, उपअभियंत्याला फोन, परत फोन. ती एक लक्षवेधी झाली. (हो तीच, जिच्यात खोटा जीआर जाता जाता राहिला.)

आता ह्यातली धोक्याची गोष्ट. सहायता निधीचे अर्ज असतात आमच्याकडे, त्यात आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, हॉस्पिटलचं एस्टिमेट, कोणाला काय आजार आहे सगळं. आमच्या सोशल मीडियाच्या पोराने अख्ख्या फाईलचा फोटो काढून कुठल्यातरी फुकटच्या अॅपमध्ये टाकला "पत्र बनव" म्हणून. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक आपल्याकडे अडचणीत कागद देतात, ते परदेशातल्या कॉम्प्युटरवर फिरवायला देत नाहीत. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी हे चूकच. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या लोकांना सांगितलंच होतं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असली टूल वापरू नका, आणि अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने २०२३ सालीच स्टाफला चॅटजीपीटीची फक्त पैसेवाली आवृत्ती आणि ती पण गुप्त नसलेल्या माहितीसाठी असं बंधन घातलं होतं. आमच्याकडे आता नाव, नंबर, आजार खोडल्याशिवाय काहीही वर चढत नाही. वेळ जातो, जाऊ दे.

भाषणाला मात्र घेऊ नका. एकदा ताईंसाठी लिहून घेतलं, सुरुवात "आजच्या या ऐतिहासिक क्षणी" आणि शेवट "चला, आपण सर्वजण मिळून". विषय काय तर एसटी स्टँडवरचं संडास. ताईंनी दोन ओळी वाचल्या आणि कागद परत दिला, म्हणाल्या, "दादा, गावातल्या बाया विचारतील ही कोण बोलतेय म्हणून." डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी मे २०२३ मध्ये संसदेत भाषण करून मग सांगितलं होतं की ह्यातला काही भाग चॅटजीपीटीने लिहिला होता. तिथे लोकांना गंमत वाटली असेल, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी विरोधकांनी बॅनर लावला असता.

अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या विधेयकाचा, प्रयोग पण झाला, थोडक्यात सांगतो. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहरात रामिरो रोझारिओ नावाच्या नगरसेवकाने २०२३ साली चॅटजीपीटीकडून शहरासाठीचा अख्खा कायदा लिहून घेतला, पाण्याचं मीटर चोरीला गेलं तर नवीन मीटरचे पैसे नागरिकाकडून घेऊ नयेत म्हणून, तो एकमताने पास झाला आणि नंतर त्याने सांगितलं की एक शब्द माझा नाही. तिथल्या सभागृहाचे अध्यक्ष आधी म्हणाले हा धोकादायक पायंडा आहे, मग त्यांचं मत बदललं. ताईंनी ही बातमी वाचली आणि म्हणाल्या आपण पण बघू. आम्हाला संक्षिप्त नाव व प्रारंभ, व्याख्या, उद्देश व कारणे, सगळं छान मिळालं, दिसायला एकदम विधेयक. विधिमंडळात आयुष्य काढलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं वित्तीय ज्ञापन कुठाय, खर्च कोण करणार, आणि मूळ अधिनियमातलं हे कलम आधीच सुधारलेलं आहे ते बघितलं का. नव्हतं बघितलं, आम्ही पण नाही आणि त्याने पण नाही. तसं पण संसदेत आजवर अशी खाजगी सदस्यांची १४ च विधेयकं कायदा झालीत आणि शेवटचं १९७० साली, त्यामुळे आमचं अडलं म्हणून राज्याचं फार नुकसान झालं असं नाही.

भाषिणीबद्दल एकच ओळ, साध्या पत्राच्या अनुवादाला ठीक, कायद्याच्या वाक्याला माणूस बसवा. लोकसभा सचिवालयाने मार्च २०२५ मध्ये संसद भाषिणीसाठी (संसदेच्या कामकाजाच्या अनुवादासाठी) आयटी मंत्रालयाशी करार केलाय, त्यातून खासदारांची सोय होईल, आमच्यासारख्या विधानसभेतल्यांना मराठीत चालतं त्यामुळे आमची गरज उलटी आहे, इंग्रजी कागद मराठीत पाहिजे.

ज्यांना सुरू करायचंय त्यांना माझं सांगणं, सुरुवात आपल्याच जुन्या प्रश्नांच्या फाईलपासून करा, अधिवेशन नसताना करा, आणि जो माणूस वापरणार आहे त्यालाच शेवटची सही करायला लावा म्हणजे तो वाचतो. आमदारांनी स्वतः हातात घेऊन एक आठवडा वापरावं, नुसतं "एआयला विचार रे" म्हणून पीएच्या अंगावर टाकू नये, कारण ते किती थापा मारतं हे स्वतः बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हे घेतलंय म्हणून ऑफिसातला माणूस कमी करायचा विचार असेल तर मग घेऊच नका, आमच्याकडे उलट तपासायला एक मुलगी वाढवावी लागली.

टोटल ५ पैकी साडेतीन. जीआर रचला नसता तर चार दिले असते.

वर्गणी पुढच्या अधिवेशनापर्यंत चालू ठेवतोय. आत्तापर्यंतचे पैसे माझ्या कार्डवरून गेलेत, ताईंना दोनदा सांगितलं, त्या म्हणाल्या लेखी द्या. दिलंय. कार्यवाही सुरू आहे.